मुंबईच्या बागा दत्तक कशा गेल्या

जानेवारी २०१६ मध्ये पालिका सभागृहाने मोकळ्या जागा सांभाळायला संस्थांकडे देण्याचे नवे धोरण मंजूर केले आणि काही दिवसांतच त्याला मुख्यमंत्र्यांकडून स्थगिती आली. सोबतचा आदेश त्याहून मोठा होता. संस्थांच्या ताब्यात दिलेली २१६ मैदाने, बागा आणि क्रीडांगणे पालिकेने परत घ्यावीत, असे त्यात म्हटले होते. तेव्हापासून मुंबईत कुठल्याही बागेचा विषय निघाला की ती कुणाला दिली, हे लोक आधी विचारतात. झाडे कोणती लावणार हे नंतर.

जुन्या बागांचा इतिहास सहलीच्या पुस्तिकांमुळे सगळ्यांना पाठ आहे, त्यात फार शिरत नाही. बागेसाठी म्हणून राखलेली जागा या शहरात थोडी, एवढे मात्र नोंदवायला हवे. कूपरेज, ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही मैदाने उरली ती किल्ल्यावरून तोफा डागता याव्यात म्हणून समोर मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यातून. १८६० च्या दशकात तट पाडले, पट्टा राहिला. हँगिंग गार्डन हे मलबार हिलच्या जलाशयाचे छप्पर. राणीची बाग किंवा माटुंग्याची फाइव्ह गार्डन्स यांसारख्या मुद्दाम आखलेल्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. शिवाजी पार्कही त्यातलेच. १९२५ मध्ये ते खुले झाले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने १९२७ मध्ये आजचे नाव मिळाले.

खरी गुंतागुंत सुरू होते ती विकास आराखड्यांपासून, म्हणजे शहरातली कोणती जागा कशासाठी राखायची हे ठरवणाऱ्या नकाशांपासून. पहिला आराखडा १९६७ मध्ये मंजूर झाला, दुसरा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. नकाशावर हिरवे ठिपके भरपूर पडले. पण आरक्षण पडले म्हणजे जागा हातात आली असे होत नाही. काही भूखंड खासगी मालकीचे राहिले, काहींवर वस्ती उभी राहिली, आणि जे ताब्यात आले त्यांना कुंपण घालण्यापुढे पालिकेची मजल जाईना. गिरण्यांच्या जमिनीतून तरी मोठी मैदाने मिळतील ही आशा होती. १९९१ च्या नियमानुसार पुनर्विकासाला निघालेल्या गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेसाठी द्यायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. उच्च न्यायालयाने बदल अडवला, पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. लोअर परळला आज उभे राहून मोकळी जागा शोधली, तर त्या निकालाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

या पोकळीत रहिवासी उतरले, आणि सुरुवातीची त्यांची कामगिरी नाकारण्यात अर्थ नाही. नेपियन सी रोडला समुद्रालगतच्या भरावावर प्रियदर्शिनी पार्क १९८० च्या दशकात उभे राहिले ते तिथल्या नागरिकांच्या रेट्यामुळे. वांद्र्याला १९९० मध्ये जॉगर्स पार्क झाले. ओव्हल मैदानाची तर नव्वदच्या दशकात पार रया गेली होती. संध्याकाळी तिथून जायला लोक घाबरत. आसपासच्या रहिवाशांनी कोर्टकचेरी केली, मैदान देखभालीसाठी मिळवले, हिरवळ आणली, आणि क्रिकेट थांबू दिले नाही. आज शनिवारी दुपारी तिथे एकाच वेळी किती सामने चालतात हे मोजायला गेलात तर चेंडू कुठल्या सामन्यातला हेच कळत नाही.

याच यशाचा दाखला देत बागा आणि मैदाने संस्थांकडे सोपवण्याचे धोरण आखले गेले. त्यात दोन वेगळ्या योजना होत्या आणि पुढचा सगळा घोळ त्या एकत्र धरल्याने झाला. पहिली दत्तक योजना. संस्थेने पाच वर्षांसारख्या ठरावीक मुदतीसाठी बाग घ्यायची, झाडलोट आणि पाणी बघायचे, मुदत संपली की परत करायची. दुसरी काळजीवाहू योजना. तिच्यात मुदत लांब, आणि मुख्य म्हणजे भूखंडाच्या काही भागावर बांधकामाची मुभा. देखभालीचा खर्च निघावा म्हणून व्यायामशाळा, सभागृह, उपाहारगृह, तरणतलाव चालवता येई. खर्च निघावा ही अट कागदावर होती. प्रत्यक्षात क्लब उभे राहिले, त्यांची सभासद वर्गणी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली, आणि उरलेले मैदान क्लबच्या अंगणासारखे वापरले जाऊ लागले. लग्नाच्या हंगामात मैदानात मांडव, आणि शेजारच्या पोरांना फाटकावरून परत पाठवणारा वॉचमन, हे चित्र उपनगरांत कित्येकांनी पाहिले आहे.

या संस्था कुणाच्या होत्या हे उघड गुपित होते. एकाच पक्षावर बोट ठेवायची सोय नव्हती, कारण चांगले भूखंड जवळपास सगळ्याच पक्षांच्या पुढाऱ्यांशी जवळीक असलेल्या मंडळांकडे गेले होते. सभागृहात एरवी एकमेकांवर तुटून पडणारे या विषयावर सौम्य का होत, याचे उत्तर त्यातच आहे. नागरिकांच्या गटांनी गदारोळ केल्यावर २००७ च्या सुमारास काळजीवाहू योजनेला राज्य पातळीवरून लगाम बसला. आधी दिलेल्या जागांचे काय, हा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. पुढे दर काही वर्षांनी नव्या नावाने मसुदा यायचा, विरोध व्हायचा, मसुदा फिरायचा. २०१६ चे धोरण या मालिकेतले होते.

त्याची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे साफ चुकीचे नव्हते, हेही लिहून ठेवतो. एक हजाराच्या वर भूखंड, त्यांना पुरणारे माळी नाहीत, निविदा काढून नेमलेला कंत्राटदार झाडाला पाणी घालतो की नाही बघायला माणूस नाही. जागा सोडून दिली तर अतिक्रमण होते. मग एखादी संस्था सांभाळत असेल तर तिला का नको? सांभाळण्याला कुणाचीच हरकत नव्हती, हरकत बांधकामाला आणि फाटकाला होती. फाटक किती वाजता उघडेल, दुपारी बंद राहील का, आत क्रिकेट खेळता येईल का, बसायला पैसे पडतील का, हे ठरवणारा निवडून आलेला नसेल तर जाब कुणाला विचारायचा? दुपारी बागा बंद ठेवायची पद्धत तर पालिकेच्या बागांतही रुळलेली आहे. सकाळी चालायला येणाऱ्यांचे तिच्यामुळे काही अडत नाही. दोन कामांच्या मध्ये तासभर टेकायला जागा शोधणाऱ्या घरकामाच्या बाईला आणि रिक्षावाल्याला मात्र सावली मिळत नाही. नागरिकांच्या गटांनीही या प्रश्नावर फारसा आवाज केला नाही, हे त्यांच्या बाजूने असलेल्यानेही मान्य करावे.

आदेशानंतर भूखंड परत येऊ लागले. साधे, बांधकाम नसलेले लवकर आले. क्लब उभे असलेले मोजके भूखंड करार आणि मुदतीच्या मुद्द्यांवर अडकून पडले, आणि नेमके तेच वादाचे मूळ होते. मधल्या काळासाठी ११ महिन्यांच्या कराराने जागा देण्याची अंतरिम व्यवस्था आली. २०२३ मध्ये आणखी एक मसुदा आला, पुन्हा हरकती आल्या, पुन्हा तो बाजूला पडला. दरम्यान २०१८ मध्ये तिसरा विकास आराखडा लागू झाला होता. त्याच्या नियमावलीत मैदान वा बागेच्या आरक्षणावर झोपडपट्टी असेल तर ३५ टक्के जागा मोकळी ठेवून बाकीवर पुनर्वसन करता येते. मोकळी जागा हवी म्हणणाऱ्यांनी तिथे राहणाऱ्यांना कुठे पाठवायचे हे सांगावे लागते, आणि ते कुणी सांगत नाही. उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ही तरतूद कायम ठेवली.

गेल्या दहा वर्षांत पैशाचा प्रश्न दुसऱ्या वाटेनेही आला. राणीच्या बागेत पेंग्विन आल्यावर २०१७ मध्ये मोठ्यांचे तिकीट ५ रुपयांवरून ५० वर गेले. मलबार हिलवर २०२५ मध्ये झाडांमधून जाणारा उंच पादचारी मार्ग झाला, त्यालाही तिकीट आहे. आकडा मोठा नाही, पण बाग म्हणजे पैसे न मोजता जायची जागा, ही सवय हळूहळू सुटते आहे. त्याच टेकडीवर जलाशय पाडून नवा बांधण्याचा घाट घातला गेला होता, त्यात हँगिंग गार्डनची शेकडो झाडे जाणार होती. रहिवाशांनी विरोध केला, तज्ज्ञांची समिती बसली, आणि पाडण्याऐवजी दुरुस्ती करण्यावर गाडी आली. विरोध इतक्या लवकर ऐकला गेला याचे कारण त्या भागाचा श्रीमंत पत्ता आहे, असे गोवंडीसारख्या गरीब वस्तीत कुणी म्हणाले तर त्याला खोडून काढणे अवघड आहे.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सचा भाडेपट्टा २०१३ मध्येच संपला होता. २११ एकरांपैकी १२० एकर जागा पालिकेकडे येण्याचा आणि उरलेल्या ९१ एकरांचा पट्टा वाढवण्याचा तोडगा २०२४ मध्ये निघाला. ही जागा कोस्टल रोडलगतच्या भरावाला जोडून सुमारे ३०० एकरांचे एकच उद्यान करायचे, अशी योजना आहे. भराव टाकलेल्या जमिनीतले जवळपास ७० हेक्टर मोकळ्या जागेसाठी आहेत. तिचा निवासी किंवा व्यापारी वापर करणार नाही, अशी हमी पालिकेने सर्वोच्च न्यायालयात दिलेली आहे. २०२५ मध्ये यातल्या बऱ्याचशा जागेवर बाग फुलवून ती सांभाळण्यासाठी खासगी उद्योगांकडून प्रस्ताव मागवले गेले. पालिकेच्या तिजोरीला झळ नको, हे कारण दिले गेले. नव्वदच्या दशकातही हेच कारण होते, फरक इतकाच की तेव्हा दारात मोहल्ल्याची संस्था होती आणि आता बडा उद्योगसमूह आहे. हमीत व्यापारी वापर नाही म्हटले आहे. उपाहारगृह, कार्यक्रमासाठी भाड्याने दिलेली हिरवळ आणि प्रायोजकाच्या नावाची पाटी त्या शब्दांत बसते की नाही, हे करारात कलमवार लिहिलेले नसेल तर काळजीवाहू योजनेत खर्च निघावा या एका वाक्यातून जे घडले, तेच इथे शंभरपट मोठ्या जागेवर घडायला मोकळीक राहील. करार जाहीर व्हावा, त्यात वेळा, शुल्क आणि बांधकामाची कमाल मर्यादा असावी, एवढीच मागणी सध्या नागरिकांच्या गटांकडून होते आहे.