पार्श्वभूमी : ‘तेवढा आवाज काढून टाक’ या सांगण्यामागचा गुंता

मुलाखत घेऊन परतल्यावर संपादनाला बसलेल्या माणसाला गोव्यात हमखास एक वाक्य ऐकावं लागतं : ‘तेवढा आवाज काढून टाक.’ सांगणाऱ्याच्या मनात पंखा असतो, पाऊस असतो, पडवीसमोरून गेलेली बस असते. पण मराठीत पंख्याचाही आवाजच आणि आजोबांचाही आवाजच. शिवाय ‘आवाज काढणे’ म्हणजे तोंडातून ध्वनी काढणे, आणि ध्वनिमुद्रणातून तो वगळणेही. शेजारच्या कोकणीत गळ्यातल्या आवाजाला ‘ताळो’ हा निराळा शब्द आहे. आपल्याकडे ‘गळा’ आहे, पण तो गाण्यापुरता. म्हणून मराठी संपादकांनी गोंगाटासाठी ‘नॉइज’ सरळ उचलला आणि त्याच्यासोबत ‘नॉइज रिमूव्हल’ ही जोडीही घेतली. खरा घोळ या जोडीतल्या दुसऱ्या शब्दात आहे.

टेपच्या जमान्यात हा प्रश्न नव्हता, कारण आशाच नव्हती. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेली नॉइज रिडक्शनची यंत्रणा टेपची स्वतःची ‘सूं’ दाबण्यासाठी होती : मुद्रण करताना हळू आणि उंच पट्टीतले ध्वनी वाढवायचे आणि ऐकवताना तेवढेच खाली आणायचे. माइकपर्यंत पोचलेला पंखा तिच्या आवाक्यातच नव्हता. संगणकावरच्या साफसफाईचं मूळ 1979 मध्ये एका अमेरिकी संशोधकानं मांडलेल्या रीतीत आहे. बोलणं थांबलेलं असतानाच्या क्षणांतून गोंगाटाचा नमुना घ्यायचा, तो प्रत्येक कंप्रतेत, म्हणजे ध्वनीच्या खालच्या-वरच्या प्रत्येक पट्ट्यात, किती आहे हे मोजायचं आणि बोलण्यातून तेवढं वजा करायचं. वजाबाकीत सुटलेले तुकडे मग टिंगटिंगत राहतात. तज्ज्ञ त्याला ‘म्युझिकल नॉइज’ म्हणतात. आमच्याकडे सगळे ‘पाण्याखालचा आवाज’ म्हणतात, आणि तेच नाव मला अधिक नेमकं वाटतं.

ही वजाबाकी सामान्यांच्या टेबलावर आली ती 2000 नंतर. त्या वर्षी मे महिन्यात ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर फुकट उपलब्ध झालं. कूल एडिट हे तसलंच सॉफ्टवेअर आधीपासून होतं. 2003 मध्ये ते एका मोठ्या कंपनीनं विकत घेतलं आणि त्याचं ऑडिशन झालं. गोव्यात त्या काळात घरोघरी कॅसेटी पडून होत्या : मुक्तिलढ्यातल्या माणसांच्या आठवणी, जत्रेतल्या नाटकांचे नट, भजनी बुवा. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर संगणकाच्या लाइन-इनमध्ये, म्हणजे ध्वनी आत घेणाऱ्या भोकात, घालायची आणि तास तास बसून ऐकायचं. पहिला शत्रू असायचा विजेचा घुमारा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून घुमारा 50, 100, 150 अशा पायऱ्यांवर बसतो. पण शिकवणारे बहुतेक धडे अमेरिकेतले, तिथली वीज 60 हर्ट्झची. धड्यात सांगितलं तसं 60 वर फिल्टर लावून ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ म्हणणारे मी कितीतरी पाहिले. मीही आधी तेच केलं होतं.

आता त्या शब्दाकडे. ऑडॅसिटीत पंधराएक वर्षं या सोयीचं नाव ‘नॉइज रिमूव्हल’ होतं. 2015 मध्ये 2.1.0 ही आवृत्ती आली, आतली गणिताची रीत सुधारली आणि नाव ‘नॉइज रिडक्शन’ झालं. काहींना हा नुसता पाटीबदल वाटला. ‘काढणं’ सोडून ‘कमी करणं’ म्हणजे आधीच हात वर करणं, असंही ऐकलं. माझ्या मते तो बदल योग्य होता आणि फार उशिरा झाला. ‘काढून टाकणं’ या शब्दानं संपादकांची एक अख्खी पिढी गोंगाट किती कमी करायचा हे ठरवणारी पट्टी शेवटपर्यंत ओढायला शिकली. नाव सांगतंय काढतो, मग अर्धवट का काढायचं? प्रत्यक्षात 6 डेसिबल (ध्वनीच्या पातळीचं माप) कमी केलं की गोंगाटाच्या लहरीची उंची निम्मी होते, 12 केलं की पाव. कानाला तेवढं पुष्कळ असतं. त्यापुढे प्रत्येक डेसिबल बोलणाऱ्याच्या खिशातून जातो.

हे कानानं पडताळण्याची सोय त्याच खिडकीत आहे, आणि ती फार कमी लोक वापरतात. ‘रेसिड्यू’ हा पर्याय निवडला की जे वगळलं जाणार तेवढंच ऐकू येतं. फोंड्याजवळ एका पडवीत, आषाढात, पत्र्यावर पाऊस चालू असताना मुद्रित केलेली एका जुन्या नटाची मुलाखत माझ्याकडे साफ करायला आली होती. पट्टी 24 डेसिबलवर नेली आणि रेसिड्यू लावला. आधी पाऊस ऐकू आला. मग पावसाच्या मागे, कुजबुजल्यासारखा, तो म्हातारा नट ऐकू आला : शब्दांच्या कडा, ‘स’, ‘श’, श्वास. मी त्याला कचऱ्यात टाकत होतो.

यामागचं कारण सरळ आहे. पंखा एकसारखा असतो, त्याचा नमुना दोन सेकंदांत मिळतो. पाऊस सरीसरीनं बदलतो आणि सगळ्या कंप्रतांवर पसरतो. मराठीचे महाप्राण, म्हणजे ‘ख’, ‘भ’ यांतला ‘ह’कारही हवेचे झोतच आहेत. गणिताला ‘ख’मधली हवा आणि पत्र्यावरचा पाऊस सारखेच दिसतात. म्हणून जास्त साफ केलेल्या मुलाखतीत ‘खाण’ची ‘काण’ होते, ‘भात’चा ‘बात’. इंग्रजीत महाप्राण गेला तरी शब्द बहुधा तोच राहतो. मराठीत शब्दच बदलतो, आणि हे त्या धड्यांत कुणी सांगत नाही.

मध्ये एक गोष्ट नोंदवायला हवी. ‘आवाज बिघडला’ म्हणून आलेल्या पुष्कळ फाइलींमध्ये गोंगाटाचा संबंधच नसतो. मोबाइलचं चित्रण ठरलेल्या फ्रेम-वेगानं होत नाही, त्यामुळे लांब मुलाखतीत ओठ आणि शब्द हळूहळू सुटत जातात; आधी फाइल स्थिर वेगात बदलून घेतली की काम होतं. 48 किलोहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला 48 हजार नमुने घेतलेलं मुद्रण 44.1 म्हणून वाजलं, तर तासाची मुलाखत 65 मिनिटं 18 सेकंदांची होते आणि माणूस जाड आवाजात बोलू लागतो. सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करून यातलं काहीच सुटत नाही.

2017-18 च्या सुमारास न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे उदाहरणांतून शिकणाऱ्या प्रणालीवर, चालणारी खुली साधनं आली. त्यांना नमुना द्यावा लागत नव्हता. माणसाचं बोलणं कसं असतं हे ती शिकून आली होती. पण तीही वजाबाकीच करत होती : कुठला पट्टा किती दाबायचा, एवढंच ठरवत होती. 2022 च्या अखेरीपर्यंत चित्र पालटलं. दाविंची रिझॉल्व्ह या चित्रफीत-संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या विकतच्या आवृत्तीत व्हॉइस आयसोलेशन, म्हणजे बोलणं वेगळं काढायची सोय आली, आणि एका बटणावर बोलणं ‘उजळून’ देणाऱ्या ऑनलाइन सेवा सुरू झाल्या. यांतली काही साधनं बुडालेला भाग अंदाजानं नव्यानं घडवतात. इथे ‘रिमूव्हल’ही लागू नाही आणि ‘रिडक्शन’ही नाही. ही भर आहे. तरी आपण अजून ‘आवाज साफ केला’ असंच म्हणतो.

त्याच नटाची फाइल मी पुढे अशा एका सेवेतून काढली. पाऊस पूर्ण गेला, स्टुडिओत बसून बोलल्यासारखं ऐकू आलं. पण एका जागी नटानं गावाचं नाव घेतलं होतं, ते सरीखाली दबलेलं होतं. यंत्रानं तिथे स्पष्ट, खणखणीत आणि कुठल्याच भाषेत नसलेला शब्द बसवला. ज्यानं मूळ ऐकलेलं नाही तो हे गाव नकाशावर शोधत बसेल.

म्हणून जुन्या मुलाखतींबाबत वाद होतो तो गुणवत्तेचा नाही, मूळ बदलण्याच्या हक्काचा आहे. सावर्डे-कुडचडे किंवा साखळी-डिचोली भागात 2012 मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद होण्यापूर्वी घेतलेली कुठलीही मुलाखत ऐका : खनिजाचे ट्रक मागून एकामागोमाग जात असतात. धुळीबद्दल सांगणारी बाई ट्रक गेला की थांबते, तो पुढे गेला की वाक्य पूर्ण करते. तिथले ट्रक साफ केले तर तिचं थांबणं अडखळण्यासारखं वाटतं. एका संस्थेनं अशा मुद्रणांच्या फक्त साफ प्रती ठेवायचं ठरवलं. साठवण वाचेल, हे कारण सांगितलं गेलं. एका तासाची 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, एका चॅनेलची मूळ फाइल सुमारे 520 एमबीची असते; आजच्या हार्डडिस्कला ती जड नाही. मी त्या बैठकीत विरोध केला, आणि आजही करतो.

त्या नटाच्या मुलाखतीच्या आता तीन फाइली आहेत : मूळ, 9 डेसिबल कमी केलेली, आणि यंत्रानं घडवलेली. तिसरीच्या नावातच ‘पुनर्निर्मित’ लिहिलं आहे. गावाचं नाव मूळ फाइलीत हेडफोन लावून, तिसऱ्या खेपेला ऐकू येतं. बांदोडे.