स्टॅम्पपेपरवर सही झाली म्हणजे पोटगी संपली?

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत एक समज घट्ट आहे: "स्टॅम्पवर लिहून घेतलंय, आता तिला काही मागता येणार नाही." मग ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीतला शंभराचा कागद निघतो. नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि मधे ते लाडकं वाक्य, 'भविष्यात पोटगी मागणार नाही.'

कोर्टात नेमकं हेच वाक्य टिकत नाही. पोटगीचा हक्क आगाऊ सोडून देणारी अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध मानली जाते. करार कायद्याच्या कलम 23 खाली ती रद्दबातल. मुलांचा हक्क तर आईलाही सोडता येत नाही.

मग कागद रद्दीत घालायचा? तसंही नाही. लग्न कायम असताना दोघं परस्परसंमतीने वेगळे राहत असतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खालची (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125) पोटगी पत्नीला मिळत नाही. तिथे हा कागद नवऱ्याला पुरावा म्हणून उपयोगी पडतो. घटस्फोट झाला की तो बचावही जातो. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच ते सांगितलंय.

त्यापेक्षा भक्कम म्हणजे कोर्टाच्या हुकूमनाम्यात नोंदवलेली तडजोड आणि बँकेतून दिलेली रक्कम. 'आंब्याचे पैसे आले तेव्हा रोख दिले' हे सिद्ध करताना भल्याभल्यांना घाम फुटतो.