व्याख्यानमालेत मुलाखत कशी आली?

सांस्कृतिक केंद्राच्या वर्षभराच्या व्याख्यानमालेची पत्रिका पाहिली की बऱ्याच नामवंतांच्या नावापुढे विषय नसतो, ‘प्रकट मुलाखत’ एवढंच असतं. व्याख्यानाऐवजी मुलाखत, या बदलामागे बराच इतिहास आहे.

पुण्यातली वसंत व्याख्यानमाला १८७५ची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे यांच्या निमंत्रणावरून दयानंद सरस्वती पुण्यात आले. त्यांची पंधरा व्याख्यानं पुढे छापली गेली. सत्काराच्या मिरवणुकीला उत्तर म्हणून विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढली, चिखल उडाला. बोलणाऱ्याचं म्हणणं शहराला इतकं झोंबत होतं. १८९०मध्ये पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यान झालं, त्यानंतर चहा-बिस्किटं आली आणि ती घेणाऱ्यांवरून ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, उभं राहिलं. चहा इतिहासात राहिला, व्याख्यान मात्र विसरलं गेलं, याची मला हळहळ वाटते.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांच्या बहिःशाल विभागांनी वक्त्यांना तालुक्याच्या गावांपर्यंत पोचवलं. ‘बहिःशाल’ म्हणजे शाळेच्या भिंतीबाहेरचं. वाचनालयाच्या ओट्यावर, शाळेच्या पटांगणात तास-दीड तास एकच विषय चालायचा, आणि लोक बसून ऐकायचे.

मुलाखत हा शब्द मुळात अरबीतून आलेला, अर्थ भेट. तुरुंगात नातेवाईक कैद्याला भेटतात तीही मुलाखतच, नोकरीसाठी उमेदवाराला बोलावतात तीही. वर्तमानपत्रातली मुलाखत खोलीत होते आणि वाचकाला ती नंतर कळते. तीच व्यासपीठावर आली, तेव्हा शब्दाआधी ‘प्रकट’ जोडावं लागलं. चारचौघांसमोरची भेट, असा त्याचा सरळ अर्थ. पण पत्रिकेत ती व्याख्यानमालेच्या नावाखालीच छापली जाते आणि घोटाळा तिथे होतो. व्याख्यान विषयाचं असतं, मुलाखत माणसाची. व्याख्यानाला वक्ता महिनाभर टिपणं काढतो. मुलाखतीची तयारी प्रश्न विचारणाऱ्याने करायची असते.

आयोजकांची बाजू खोटी नाही. उत्तम शास्त्रज्ञ किंवा खेळाडू सलग तासभर बोलू शकेलच असं नाही, आणि नेमका प्रश्न आला तर तोच माणूस फार मोलाचं सांगून जातो. गर्दीही होते. २०१८च्या फेब्रुवारीत पुण्यात एका महाविद्यालयाच्या मैदानावर एका पक्षाच्या अध्यक्षाने दुसऱ्या पक्षाच्या ज्येष्ठ नेत्याची मुलाखत घेतली, तिला ‘महामुलाखत’ म्हटलं गेलं आणि मैदान भरलं. २०२०मध्ये सभागृहं बंद झाली, कार्यक्रम पडद्यावर गेले. घरबसल्या ऐकणाऱ्याला टिकवायला दोघांचं बोलणं सोपं पडलं. सभागृहं उघडली तरी ती सवय गेली नाही.

तरी माझं मन व्याख्यानाकडेच झुकतं. मुलाखतीत बालपण, पहिलं यश, एखादा हळवा प्रसंग एवढं येतं आणि वेळ संपते. ज्या कामासाठी माणसाला बोलावलं ते काम राहून जातं. श्रोत्यांच्या चिठ्ठ्या मुलाखतकाराच्या हातात जातात आणि अडचणीची चिठ्ठी खाली राहू शकते. व्याख्यानानंतर प्रश्न उभं राहून विचारला जायचा, तो सगळ्यांना ऐकू यायचा. वर्षाच्या बारा कार्यक्रमांत किती व्याख्यानं आणि किती मुलाखती, हे पत्रिकेवरच वेगळं छापावं.