राजा दिनकर केळकर संग्रहालय

पुण्याच्या शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत असलेले लोकजीवनविषयक वस्तुसंग्रहालय. कवी आणि संग्राहक दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी पत्नी कमलाबाई यांच्या साथीने ते उभे केले. नावातला ‘राजा’ हा त्यांचा मुलगा. वयाच्या सातव्या वर्षी तो गेला आणि केळकरांनी सारा संग्रह त्याच्या स्मृतीला वाहिला.

‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी साधारण १९२० पासून वस्तू जमवायला सुरुवात केली. वाडे पडत होते, कोरीव दारे-खिडक्या जळणाच्या भावाने जात होत्या, पितळेची जुनी भांडी मोडीत निघत होती. केळकर गावोगाव हिंडून त्या वस्तू मिळवत राहिले. सुमारे २०,००० वस्तूंचा हा संग्रह त्यांनी हयातीतच महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यांना पद्मश्रीही मिळाली.

राजेरजवाड्यांचे वैभव मांडणारी संग्रहालये पुष्कळ आहेत. इथे मान आहे तो अडकित्त्यांना, लामणदिव्यांना, कुलपांना, फण्यांना, दौतींना आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यांना. पाय घासायच्या पितळी वज्रीवर मोर किंवा घोडा बसवलेला असतो. काही वज्र्यांच्या पोटात खडे असतात, त्यामुळे पाय घासताना त्या वाजतात. न्हाणीघरातल्या इतक्या साध्या वस्तूतही कारागिराला नक्षी आणि नाद दोन्ही सुचले, यातच या संग्रहाची दृष्टी कळते. या वस्तू घडवणारे तांबट, लोहार, सुतार बहुतेक अनामच राहिले. त्यांची नावे उरली नसली, तरी त्यांच्या हाताची करामत जपणारी संस्था म्हणून या संग्रहालयाचे मोल मोठे आहे. बघायला आलेल्या आजीला भांड्याचे नाव ठाऊक असते आणि नात ते तिच्याकडून ऐकते. फलकावरच्या दोन ओळींपेक्षा हे शिक्षण खोलवर जाते.

संग्रहातला सर्वांत मोलाचा भाग, प्रस्तुत लेखकाच्या मते, पैठण शैलीची चित्रकथी चित्रे हा आहे. जाड रेषा, मोठे डोळे आणि भडक रंगांतली ही कागदी चित्रे भिंतीवर टांगण्यासाठी काढलेली नव्हती. चित्रकथी एकेक चित्र पुढे करून रामायण-महाभारतातील आख्यान गात असे आणि गावकरी रात्री जमून ते ऐकत. चित्र, गाणे आणि कथा या एकाच खेळाच्या बाजू होत्या. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने ही परंपरा आजही चालू ठेवली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यातच ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय मांडले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पुण्यातली चित्रे पाहिलेल्याने पिंगुळीचा खेळ जरूर ऐकावा. एकीकडे चित्र जपले गेले, दुसरीकडे ते गाणारा गळा, आणि दोन्ही जवळ ठेवल्याशिवाय कला पुरती कळत नाही.

वाद्यांच्या दालनात शास्त्रीय आणि लोकसंगीतातील वाद्ये आहेत. मराठी माणसासाठी वाद्य म्हणजे एखाद्या समाजाची ओळखही असते: संबळ गोंधळ्यांचा, दिमडी वाघ्या-मुरळीची, तुणतुणे शाहिराचे. म्हणूनच या दालनात नुसत्या लाकडा-कातड्याची माहिती पुरत नाही. ते वाद्य कुणाच्या दारी, कोणत्या विधीत वाजे, हेही सांगावे लागते.

इतिहासाचा ठळक अवशेष म्हणजे मस्तानी महाल. बाजीराव पेशव्यांनी मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या वास्तूचे अवशेष केळकरांनी आणवले आणि संग्रहालयात त्यांची पुन्हा मांडणी झाली. मस्तानीविषयी दंतकथाच अधिक ऐकू येतात, त्यामुळे हे खांब आणि छत प्रत्यक्ष समोर असण्याला वेगळे महत्त्व आहे.

जागा अपुरी असल्याने संग्रहाचा थोडाच भाग एका वेळी मांडता येतो, बाकीचा साठवणीत असतो. जुन्या शहराच्या गर्दीत इमारत वाढवणेही अवघड आहे. जागेचा प्रश्न सुटेपर्यंत दालनांतल्या वस्तू आलटून पालटून बदलणे आणि वाद्यांच्या दालनात ती वाजवून दाखवणाऱ्या कलावंतांना बोलावणे, हे दोन मार्ग मोठ्या इमारतीवाचूनही खुले आहेत.