लॅबमध्ये वाढवलेल्या कूर्चापेशींची जनुकीय स्थिरता

माणसाच्या सांध्यातल्या कूर्चेच्या पेशी बाहेर काढून लॅबमध्ये वाढवल्या तरी त्यांची गुणसूत्रं आणि डीएनए होते तसेच राहणं, याला त्या पेशींची जनुकीय स्थिरता म्हणतात. कूर्चा म्हणजे आपण 'गुडघ्यातली गादी झिजली' म्हणतो ती गादी, मटणाच्या हाडाच्या टोकाला पांढरा चकचकीत थर असतो ना, तीच. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत, पेशी पण जेमतेम 1 ते 5 टक्के, त्यामुळे एकदा खड्डा पडला की तो आपणहून नीट भरत नाही. भातकापणी झाली की मोकळ्या शेतात फुटबॉल खेळणारी पोरं गोव्यात गावोगाव आहेत, गुडघा पिरगळला की काय होतं ते इथे घरोघरी माहीत आहे, म्हणून हा विषय आपल्याला लांबचा नाही.

यावरचा एक उपाय 1987 मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये पहिल्यांदा पेशंटवर केला गेला आणि 23 जणांचे निकाल 1994 मध्ये छापून आले. पेशंटच्याच गुडघ्याच्या कमी वजन पडणाऱ्या भागातून कूर्चेचा लहानसा तुकडा घ्यायचा, एन्झाइमने त्यातल्या पेशी सुट्या करायच्या, काही आठवडे वाढवायच्या आणि खड्ड्यात परत सोडायच्या. तरव्यात रोप वाढवून मग लावणी करतो तसंच आहे हे, आणि रोप तरव्यातच बिघडलं तर पुढचं सगळं वाया, म्हणून स्थिरतेचा प्रश्न एवढा महत्त्वाचा.

इथे थोडा हिशेब करू. समजा 3 लाख पेशी मिळाल्या आणि 1 कोटी 20 लाख हव्यात, तर 40 पट वाढ, म्हणजे साधारण 5 ते 6 वेळा दुप्पट होणं. हा आकडा लक्षात ठेवा कारण खरी मेख त्यातच आहे. पेशी दुप्पट होताना प्रत्येक वेळी सगळ्या डीएनएची नक्कल होते आणि 46 गुणसूत्रांची वाटणी होते, तिथे चूक व्हायला जागा असते, जितक्या फेऱ्या जास्त तितकी जागा जास्त. शिवाय सांध्यात या पेशी अगदी कमी ऑक्सिजनमध्ये राहतात आणि साध्या इन्क्युबेटरमध्ये त्यांना हवेतल्यासारखा 20 टक्क्यांच्या आसपास मिळतो, त्याच्या ताणाने पण डीएनएला इजा होते.

बरेच लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. सपाट डिशमध्ये वाढताना या पेशी आपलं रूप सोडतात, गोल होत्या त्या लांबट होतात, टाइप 2 कोलॅजन (कूर्चेचं मुख्य प्रथिन) बनवणं कमी करून टाइप 1 बनवायला लागतात. यात जनुकं तीच असतात, फक्त कुठलं चालू आणि कुठलं बंद ते बदलतं, आणि अल्जिनेटसारख्या जेलमध्ये ठेवल्या की बऱ्याच अंशी परत पूर्वीसारख्या वागतात. गुणसूत्र कमी-जास्त झालं तर मात्र ते परत जाग्यावर येत नाही.

असे बदल काही पेशींत दिसतात हे खरं आहे, उदाहरणार्थ 7 नंबरचं गुणसूत्र एक जादा असणं किंवा पुरुषांच्या पेशींत वाय गुणसूत्र हरवणं. पण 7 नंबरचं जादा गुणसूत्र संधिवाताने झिजलेल्या सांध्यात, लॅबचा संबंध नसतानाही सापडलंय, आणि वय झालेल्या पुरुषांच्या रक्तपेशींतही वाय हरवलेला असतो. म्हणून नुसती शेवटची तपासणी करून भागत नाही, वाढवायच्या आधीचा नमुना पण तपासायला हवा, नाहीतर बदल डिशमध्ये झाला की तो घरूनच आला होता हे कळणार कसं? कॅरिओटाइपमध्ये साधारण 20 पेशींची गुणसूत्रं मायक्रोस्कोपखाली मोजतात, त्यामुळे शेकड्यात एखादी बिघडलेली पेशी असेल तर ती निसटून जाऊ शकते, फिश टेस्टमध्ये (यात हवं ते गुणसूत्र चमकणाऱ्या रंगाने ओळखतात) शेकडो पेशी बघता येतात पण फक्त ठरावीक गुणसूत्रांच्याच.

आता पेशंटच्या मनातला खरा प्रश्न, यातून कॅन्सर तर होणार नाही ना? एखादं गुणसूत्र जादा झालं म्हणजे पेशी कॅन्सरची झाली असं नसतं. उंदराच्या पेशी डिशमध्ये आपोआप अमर होतात, माणसाच्या साध्या पेशी सहसा होत नाहीत, ठरावीक फेऱ्यांनंतर त्या म्हाताऱ्या होऊन थांबतात. 2005 मध्ये माणसाच्या चरबीतून काढलेल्या मूळपेशी लॅबमध्ये आपोआप कॅन्सरच्या झाल्या असा दावा आला आणि फार घबराट झाली, पण नंतर दुसऱ्याच कॅन्सर पेशींची भेसळ झालेली निघाली आणि 2010 मध्ये तो पेपर मागे घेतला गेला. म्हणूनच चांगल्या लॅबमध्ये पेशी त्याच पेशंटच्या आहेत का हे डीएनए प्रोफाइलने ताडून बघतात, मायकोप्लाझ्मा या डिशमधल्या पेशींना लागणाऱ्या बारीक जंतूची टेस्ट करतात आणि पेशी किती वेळा दुप्पट झाल्या याची नोंद ठेवून एका मर्यादेपुढे त्या वापरत नाहीत. ही ट्रीटमेंट घ्यायचा कोणी विचार करत असेल तर डॉक्टरांना ही नोंद जरूर विचारावी.