बून घराणं

बून घराणं म्हणजे केंटकीची वाट पाडणारा म्हणून अमेरिकेत नाव झालेल्या डॅनियल बूनचं कुटुंब. मूळचं इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या ब्रॅडनिंच गावचं, धंद्याने विणकर आणि पंथाने क्वेकर. डॅनियलच्या शिकारीच्या आणि लढायांच्या गोष्टी भरपूर सांगितल्या जातात, पण हे कुटुंब पेनसिल्व्हेनियातली चांगली जमलेली शेती सोडून बाहेर का पडलं हे कळायचं असेल तर त्याच्या भावाबहिणींच्या लग्नांकडे बघावं लागतं, आणि ती हकिकत आज सांगता येते कारण क्वेकर लोक लग्न, जन्म, तक्रार, माफी सगळं मीटिंगच्या, म्हणजे आपल्या गावच्या क्वेकर मंडळीच्या सभेच्या, वहीत लिहून ठेवायचे.

क्वेकर हा 17व्या शतकात इंग्लंडमध्ये निघालेला पंथ. पाद्री नाही, उपासनेला सगळ्यांनी गप्प बसायचं, ज्याला आतून वाटेल त्याने उठून बोलायचं, शपथ घ्यायची नाही आणि शस्त्र धरायचं नाही. इंग्लंडमध्ये त्यांचा छळ व्हायचा, म्हणून 1681 मध्ये विल्यम पेन या क्वेकरला राजाकडून पेनसिल्व्हेनिया मिळालं तसे बरेच जण तिकडे जायला लागले. डॅनियलचे आजोबा जॉर्ज बून यांनी आधी मोठी तीन मुलं, जॉर्ज, सारा आणि स्क्वायर (हे डॅनियलचे वडील), यांना पुढे पाठवलं, बहुतेक जागा कशी आहे ते बघायला, आणि 1717 मध्ये बायको मेरी आणि बाकीची मुलं घेऊन स्वतः गेले. स्क्वायर हे इथे नावच आहे, पदवी नाही, आणि पुढे डॅनियलच्या धाकट्या भावाचंही तेच नाव ठेवलं, त्यामुळे वाचताना हमखास गोंधळ होतो.

स्क्वायर विणकर होते आणि लोहारकामही करायचे. 1720 मध्ये त्यांचं लग्न सारा मॉर्गनशी झालं, ती वेल्समधून आलेल्या क्वेकर घरातली. 1730 च्या सुमारास त्यांनी ओले खोऱ्यात, म्हणजे आजच्या बर्क्स काउंटीत, 250 एकर जमीन घेतली, लाकडी ओंडक्यांचं घर बांधलं, आणि तिथे 1734 मध्ये डॅनियल जन्मला, 11 भावंडांतला सहावा. त्याची जन्मतारीख कुठे 22 ऑक्टोबर दिसते कुठे 2 नोव्हेंबर, यात चूक कोणाचीच नाही, इंग्रजांनी 1752 मध्ये कॅलेंडर बदललं आणि 11 दिवस उडाले, डॅनियल स्वतः मात्र जुनीच तारीख धरायचा. गुरं चारायला घरापासून काही मैलांवर वेगळं कुरण होतं, उन्हाळ्यात आई आणि हा मुलगा तिकडे जाऊन राहायचे, ती दूधलोण्याचं बघायची आणि हा रानात हिंडायचा. शिकारीचा नाद तिथलाच.

आता मुख्य गोष्ट. क्वेकरांमध्ये पंथाबाहेर लग्न केलं की मीटिंगमधून नाव कमी व्हायचं. 1742 मध्ये थोरली मुलगी सारा हिने बाहेरच्या मुलाशी लग्न केलं आणि लग्नाआधीच तिला दिवस गेले होते, तेव्हा वडिलांना मीटिंगपुढे चूक कबूल करावी लागली आणि त्यांनी ती केली. पण 1747 मध्ये मुलगा इस्रायल यानेही बाहेर लग्न केलं, तेव्हा मात्र स्क्वायर मुलाच्या बाजूने उभे राहिले, माफी मागायला तयार झाले नाहीत, आणि 1748 मध्ये मीटिंगने त्यांना काढून टाकलं. हे आपल्याकडच्या वाळीत टाकण्यासारखं वाटतं पण तितकं कडक नव्हतं, बोलणंचालणं बंद व्हायचं नाही, उपासनेला येऊन बसताही यायचं, फक्त पंथाच्या कारभारात जागा राहायची नाही. आई मात्र शेवटपर्यंत तिथली सभासद राहिली आणि धाकट्या मुलांना घेऊन मीटिंगला जात राहिली. एकाच घरात नवरा बाहेर आणि बायको आत, हे तिने कसं निभावलं असेल याचा विचार मनातून जात नाही.

1750 मध्ये जमीन विकून सगळं कुटुंब निघालं. नुसता मीटिंगचा राग हे कारण पुरेसं नाही, मुलं बरीच, जमीन कस गेलेली आणि महाग, आणि दक्षिणेला स्वस्त जमीन मिळत होती. शेननडोआ खोऱ्यातून ते नॉर्थ कॅरोलिनात याडकिन नदीवर पोचले, 1753 मध्ये स्क्वायरना 640 एकर मिळाले आणि ते तिथे न्यायाधिकारीही झाले. 1756 मध्ये डॅनियलने शेजारच्या ब्रायन कुटुंबातल्या रेबेकाशी लग्न केलं, त्यांना 10 मुलं झाली.

यानंतर क्वेकर शिस्तीतलं फारसं काही उरत नाही. डॅनियल 1755 मध्येच इंग्रज सेनापती ब्रॅडॉकच्या फौजेत गाडीवान होता, 1775 मध्ये त्याने केंटकीची वाट साफ करून बूनझबरो वसवलं, आणि ही जमीन शॉनी, चेरोकी वगैरे तिथल्या मूळ रहिवासी जमातींची शिकारीची जमीन होती, तिची किंमत दोन्हीकडच्या घरांनी मोजली. डॅनियलचा थोरला मुलगा जेम्स 1773 मध्ये मारला गेला, 1776 मध्ये मुलगी जेमायमा पळवली गेली आणि दोन दिवसांनी सुटली, भाऊ नेड 1780 मध्ये गेला, मुलगा इस्रायल 1782 मध्ये ब्लू लिक्सच्या लढाईत गेला. मधे 1778 मध्ये शॉनींनी डॅनियललाच पकडलं आणि त्यांचा प्रमुख ब्लॅकफिश याने त्याला मुलगा म्हणून दत्तक घेतलं. पेनसिल्व्हेनियातल्या क्वेकरांनी 1776 मध्ये सभासदांना गुलाम ठेवायला बंदी केली, आणि केंटकीत डॅनियलकडे गुलाम होते, हेही या घराण्याच्या इतिहासात लिहायलाच हवं.

केंटकीतल्या जमिनीही कागदपत्रं नीट नसल्याने हातच्या गेल्या, म्हणून 1799 मध्ये तो तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या मिसुरीत गेला. रेबेका 1813 मध्ये वारली, डॅनियल 26 सप्टेंबर 1820 ला मुलगा नेथन याच्या घरी. तो कुठल्याच चर्चचा सभासद झाला नाही, पण 1816 मध्ये भावजयीला लिहिलेल्या पत्रात त्याने आपला धर्म सांगितलाय, देवावर प्रेम आणि त्याचं भय, ख्रिस्तावर विश्वास, शेजाऱ्याचं होईल तेवढं भलं करायचं आणि होईल तेवढं कमी वाईट. पाद्री, चर्च यांचा त्यात उल्लेखच नाही, आणि मला तरी त्यात आईची मीटिंग ऐकू येते.

पेनसिल्व्हेनियात राहिलेली शाखा क्वेकरच राहिली, पण तिथेही तोच नियम आडवा आला. डॅनियलची चुलत बहीण ॲन हिने 1760 मध्ये शेजारच्या अब्राहम लिंकनशी लग्न केलं, हा राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या पणजोबांचा सावत्र भाऊ, आणि तो क्वेकर नव्हता म्हणून तिलाही मीटिंगपुढे चूक कबूल करावी लागली. चुलत भाऊ जेम्स हा गणिताचा माणूस, त्याने 1788 मध्ये घराण्याची वंशावळ लिहून काढली, आजोबा 1744 मध्ये वारले तेव्हा 8 मुलं, 52 नातवंडं आणि 10 पतवंडं होती हे त्याच्यामुळेच कळतं. आजोबांना एक्सेटर मीटिंगच्या जागेत पुरलं, क्वेकर तेव्हा थडग्यावर दगड लावत नसत म्हणून नेमकी जागा दाखवता येत नाही. याडकिनजवळ जोप्पाच्या दफनभूमीत मात्र स्क्वायर आणि सारा यांच्या नावाचे दगड आहेत, त्यांच्यावर 1765 आणि 1777 ही सालं आहेत.