दोन्ही १९६५चे, दोन्ही बॉन्डच्या उलट. तरी ‘इप्क्रेस फाइल’ वेगळा आणि ‘कोल्ड’ वेगळा

हेरपटांचा विषय निघाला आणि कुणी ‘बॉन्ड सोडून सांगा’ म्हटलं, की दोन नावं हमखास जोडीनं येतात: ‘द इप्क्रेस फाइल’ आणि ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’. दोन्ही १९६५चे. दोन्हींत ब्रिटिश गुप्तहेर खातं आहे, दोन्ही गाजलेल्या कादंबऱ्यांवरून घेतलेले आहेत, आणि दोन्हींचा नायक महिन्याच्या पगारावर राबणारा, साहेबावर वैतागलेला माणूस आहे. त्यामुळे पाहून वर्ष-दोन वर्षं उलटली की डोक्यात त्यांची सरमिसळ होते. चष्मेवाला मायकेल केन शेवटी बर्लिनच्या भिंतीपाशी मरतो, असं ठासून सांगणारे भेटतात. तो मरत नाही. ‘इप्क्रेस’ची गोष्ट लंडनमध्ये घडते, त्यात बर्लिनची भिंत कुठेच नाही.

या घोटाळ्याचं मूळ एका तिसऱ्या सिनेमात आहे. ‘इप्क्रेस’चा नायक, केनचा हॅरी पामर, पुढच्याच वर्षी, १९६६ साली, ‘फ्युनरल इन बर्लिन’मध्ये खरोखर भिंतीपाशी गेला. तो केन, ती भिंत आणि ‘कोल्ड’चा शेवट अशी तीन तुकड्यांची गोधडी आठवणीत शिवली जाते. सोपी खूण सांगायची तर रंगीत चित्र आणि जाड फ्रेमचा चष्मा म्हणजे पामर. काळं-पांढरं चित्र, चुरगळलेला ओव्हरकोट आणि रिचर्ड बर्टनचा थकलेला आवाज म्हणजे ‘कोल्ड’चा नायक अ‍ॅलेक लीमस.

खूण कळली तरी खरा फरक कळत नाही. दोघांनाही ‘बॉन्डच्या उलट’ म्हणतात, पण उलट करताना प्रत्येकानं वेगळी वस्तू काढून टाकली आहे.

‘इप्क्रेस’ची श्रेयनामावली नीट वाचा. निर्माता हॅरी सॉल्ट्झमन, म्हणजे त्याच काळात बॉन्डपट काढणाऱ्या जोडीतला एक. संगीत जॉन बॅरीचं, कलादिग्दर्शन केन अ‍ॅडमचं, संकलन पीटर हंटचं. तिघंही बॉन्डपटांतले. म्हणजे बॉन्ड कसा घडतो हे आतून माहीत असलेल्यांनीच त्याची एकेक गोष्ट जाणून बदलली. डिनर जॅकेटच्या जागी रेनकोट आला, कसिनोच्या जागी सुपरमार्केट आलं, चमत्कारिक यंत्रांच्या जागी प्रत्येक कामासाठी भरायचे फॉर्म आले. पगारवाढ झाल्यावर पामरला काय सुचतं, तर आता स्वयंपाकघरात नवं इन्फ्रारेड ग्रिल घेता येईल. मात्र सांगाडा तसाच राहिला: हजरजबाबी नायक, देखणी सहकारी, अपहरण, छळ, सुटका, शेवटी खलनायकाला गोळी. नायक जिवंत राहतो आणि पुढच्या सिनेमाला हजर होतो. १९६५, १९६६ आणि १९६७ असे सलग तीन वर्षांत पामरचे तीन सिनेमे आले ते त्यामुळेच.

‘कोल्ड’नं सांगाड्यालाच हात घातला. दिग्दर्शक मार्टिन रिट अमेरिकन. १९५०च्या दशकात कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून त्याचं टेलिव्हिजनवरचं काम बंद झालं होतं. त्यामुळे असेल, पण लंडनच्या ग्रंथालयात काम करणारी कम्युनिस्ट नॅन (क्लेअर ब्लूम) या सिनेमात टिंगलीचा विषय होत नाही. मनापासून कशावर तरी विश्वास असलेलं ते जवळजवळ एकमेव माणूस आहे. मूळ कादंबरी जॉन ल कारेची, १९६३ची. ती लिहिताना ल कारे स्वतः ब्रिटिश गुप्तचर सेवेत होता. ‘इप्क्रेस’ लिहिणारा लेन डेटन हा चित्रकार आणि पाककृतींच्या चित्रपट्ट्या काढणारा. त्याच्या कादंबरीतल्या नायकाला नावही नाही, ‘हॅरी पामर’ हे बारसं सिनेमावाल्यांनी केलं. पामरच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर डेटनच्याच पाकपट्ट्या चिकटवलेल्या दिसतात.

दोन सिनेमे शेजारी ठेवून पाहायला सर्वांत चांगली जागा म्हणजे किराणा दुकान. योगायोगानं दोन्हींत ती आहे.

‘इप्क्रेस’मध्ये पामर सुपरमार्केटमध्ये ट्रॉली ढकलत असतो. त्याचा जुना वरिष्ठ कर्नल रॉस दुसरी ट्रॉली घेऊन शेजारी येतो. रॉसला एका गुप्त फाइलची प्रत हवी आहे, पण बोलणं सुरू होतं अळंबीच्या डब्यावरून. फ्रेंच लेबलासाठी तू जास्त पैसे मोजतोस, असं रॉस सुनावतो. नुसतं लेबल नाही, हिला चव चांगली आहे, असं पामर शांतपणे सांगतो. दोन ओळींत दोघांची सामाजिक पायरी उघडी पडते. केनची बोली लंडनच्या कामगार वस्तीतली, रॉसची इंग्रजी अधिकाऱ्यांच्या मेसमधली. आणि चव नेमकी कामगाराच्या पोराला कळते. बोलीतला हा फरक इंग्रजीत पकडणं आपल्याला जड जातं, पण त्यामागची गोष्ट सोलापूरकराला समजावून सांगावी लागत नाही. दोन वाक्यं कानावर पडली की माणूस पूर्व भागातला की अक्कलकोटकडचा, हे इथं कुणीही ओळखतं. त्याच कानानं पामर आणि रॉस ऐका. शब्द सुटले तरी चालतील, सूर सोडू नका.

‘कोल्ड’मधलं दुकान छोटं आहे, कोपऱ्यावरचं. नोकरी गेलेला, दारूत बुडालेला लीमस सामान घेतो आणि उधारी मागतो. दुकानदार नाही म्हणतो. लीमस त्याला ठोसा मारतो आणि तुरुंगात जातो. दुकानदाराचं काम बर्नार्ड ली यानं केलं आहे, बॉन्डपटांत बॉन्डला हुकूम सोडणारा साहेब ‘एम’ तोच. पहिल्यांदा पाहताना वाटतं, माणूस घसरणीला लागला. खरं तर तो ठोसा हा कामाचाच भाग आहे. पूर्व जर्मनीच्या माणसांनी या बरबाद हेराला हेरावं, विकत घेता येईल असं समजून जवळ करावं, यासाठी रचलेला बनाव. लीमस तुरुंगातून सुटतो आणि मासा गळाला लागतो.

इथे एक चूक बरेच प्रेक्षक करतात. सुरुवातीला लीमस आणि त्याचा प्रमुख (नाव नाही, नुसता ‘कंट्रोल’) यांचं संथ बोलणं होतं. तेवढ्यात चहा करायला उठलात, तर पुढचा पाऊण तास ही दारुड्याची रडकथा वाटते. तो संवाद चुकवायचा नाही. ‘इप्क्रेस’मध्ये पहिली दहा मिनिटं निसटली तरी गाडी पुन्हा पकडता येते, ‘कोल्ड’मध्ये येत नाही.

आता कॅमेरा. ‘इप्क्रेस’चा दिग्दर्शक सिडनी फ्युरी आणि छायाचित्रकार ऑटो हेलर यांनी तो टेक्निस्कोपवर घेतला. या पद्धतीत एका फ्रेमला फिल्मच्या कडेच्या नेहमीच्या चारऐवजी दोनच छिद्रांइतकी फिल्म लागते, म्हणजे निम्म्या फिल्मवर रुंद पडद्याचं चित्र मिळतं. साधी गोल भिंगं वापरता येत असल्यानं जवळची आणि लांबची वस्तू एकाच वेळी स्पष्ट ठेवणं सोपं जातं. फ्युरीनं याचा पुरेपूर वापर केला. जवळपास प्रत्येक दृश्यात पुढे काहीतरी आडवं येतं: दिव्याची शेड, खांदा, दाराची कड. रॉयल अल्बर्ट हॉलच्या पायऱ्यांवरची मारामारी तर आपण टेलिफोन बूथच्या आतून पाहतो. आपण चोरून बघतोय, ही भावना त्यातून येते. ‘कोल्ड’मध्ये ऑस्वाल्ड मॉरिसचा कॅमेरा समोर येऊन थांबतो. ओला रस्ता, पांढुरकं आकाश, बर्टनच्या डोळ्यांखालच्या पिशव्या. काहीही लपवलेलं नाही, आणि तरी सत्य दिसत नाही. आमच्या मते हाच दोघांतला सर्वांत सुंदर फरक आहे. बर्लिनची ती सीमाचौकी डब्लिनच्या स्मिथफील्ड चौकात उभारली होती, हे कळल्यावरही पहिल्या दृश्याची थंडी कमी होत नाही.

पुढच्या दोन परिच्छेदांत दोन्हींचे शेवट आहेत. पाहायचे असतील तर ते वगळून खाली या.

‘इप्क्रेस’मध्ये शास्त्रज्ञ पळवले जातात आणि परत येतात तेव्हा त्यांची बुद्धी पुसलेली असते. पामरवरही तोच प्रयोग होतो. खिळ्यानं तळहात जखमी करून घेऊन, त्या वेदनेच्या आधारावर तो भान टिकवतो. अखेर कळतं, की खात्यातला मेजर डॉल्बीच फितूर आहे. पामर त्याला मारतो. मी मेलो असतो किंवा वेडा झालो असतो, असं तो रॉसला म्हणतो, तेव्हा रॉसचं उत्तर असतं की पगार त्याचाच मिळतो. बोचरं आहे, पण हिशेब पुरा झाला. एक किडका माणूस होता, तो काढला. खातं उद्या सकाळी पुन्हा उघडेल.

‘कोल्ड’मध्ये फितूर सापडत नाही, कारण आपल्या बाजूला फितूर नाहीच. लीमसला वाटतं, आपण पूर्व जर्मनीच्या मुंट नावाच्या निर्दय अधिकाऱ्याला संपवायला आलो आहोत. त्यासाठी मुंटचाच हाताखालचा फीडलर (ऑस्कर वेर्नर) याच्या हाती पुरावे द्यायचे. फीडलर हुशार, सरळ, ज्यू. खटल्यात नॅनला साक्षीला उभं करतात आणि तिच्या प्रामाणिक उत्तरांतून लीमसचा बनाव कोसळतो. तेव्हा लीमसला उमगतं, की मुंट लंडनचाच माणूस आहे. लंडनला फीडलर संपवायचा होता, मुंट वाचवायचा होता, आणि बनाव कोसळणं हीच मूळ योजना होती. सगळी यंत्रणा ठरल्याप्रमाणे, बिनचूक चालली. भिंतीवर चढताना नॅनला गोळी लागते. पलीकडे उडी मारण्याऐवजी लीमस तिच्याकडे खाली उतरतो आणि मारला जातो. पामरशी खोटं बोलणारा माणूस खात्यातला अपवाद होता; लीमसशी खोटं बोलणं हे खात्याचं कामकाज होतं. म्हणून ‘कोल्ड’चा दुसरा भाग निघू शकत नव्हता.

पाहायचे कसे, हेही या दोघांच्या बाबतीत महत्त्वाचं आहे, कारण चुकीच्या सेटिंगवर दोन्ही बिघडतात, आणि वेगवेगळ्या तऱ्हेनं.

‘इप्क्रेस’चं चित्र २.३५ : १ प्रमाणाचं आहे. आजच्या १६ : ९ टीव्हीवर ते लावलं की वर-खाली काळ्या पट्ट्या यायलाच हव्यात, चित्रानं पडद्याची साधारण तीन चतुर्थांश उंची व्यापायला हवी. पट्ट्या नसतील तर कडा कापलेली प्रत आहे किंवा टीव्हीचा झूम चालू आहे. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कापलेल्या प्रतीत चित्राचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग जातो. मग नुसती दिव्याची शेड दिसते आणि बोलणारा माणूस गायब होतो. ‘कोल्ड’चं चित्र रुंद नाही, त्यात पट्ट्या शोधत बसू नका. तिथे धोका रंगाचा आहे. दुकानात टीव्ही उठून दिसावा म्हणून असलेला ‘व्हिव्हिड’ मोड राखाडी छटांना निळसर करतो आणि काळोखातले तपशील गिळतो. ‘मूव्ही’ मोड लावा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, मग चौकीचं पहिलं दृश्य थांबवून बघा. लीमसच्या कोटाची कड मागच्या अंधारापासून वेगळी दिसली, तर ब्राइटनेस बरोबर आहे.

दहा-पंधरा जण मिळून हॉलमध्ये प्रोजेक्टरवर पाहणार असाल, तर सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारचा खेळ टाळा. इथलं एप्रिल-मेचं ऊन खिडकीच्या पडद्याच्या फटीतूनही ‘कोल्ड’चा काळोख पुसून टाकतं. दुपारच करायची झाली, तर खिडक्यांवर जाड सोलापुरी चादर दुहेरी करून टांगा. एकेरी चादरीच्या फिक्या नक्षीतून उजेड झिरपतो. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो आणि इंग्रजी शब्दांची टोकं विरतात. सतरंजी अंथरली की बराच फरक पडतो. कूलर आधी अर्धा तास चालवून खोली गार करा आणि सिनेमा सुरू होताना बंद करा. बर्टन बराच वेळ घशातल्या घशात बोलतो; कूलरच्या घरघरीवर मात करायला आवाज वाढवला, की ‘इप्क्रेस’मधले छळाच्या यंत्राचे आवाज कान फोडतात. इंग्रजी सबटायटल्स दोन्हींना लावाच.

‘इप्क्रेस’ १०९ मिनिटांचा, ‘कोल्ड’ ११२ मिनिटांचा. एकाच बैठकीत पावणेचार तास होतात, आणि दुसऱ्याला हवं ते लक्ष उरत नाही. दोन वेगवेगळ्या संध्याकाळी पाहा, आधी ‘इप्क्रेस’. तो पाहिलेला असला की प्रेक्षक ‘कोल्ड’मध्येही फितूर शोधत बसतो, आणि त्या शोधाचाच सिनेमाला फायदा होतो. मध्यंतर आपलं आपणच ठरवायचं: ‘कोल्ड’मध्ये लीमस पूर्व जर्मनीत पोहोचला की थांबा. खटला सुरू झाल्यावर मात्र दिवा लावू नका.

पुरस्कारांवरून श्रेष्ठ कोण हे ठरत नाही. उत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटाचा बाफ्टा आधी ‘इप्क्रेस’ला मिळाला, पुढच्या वर्षी ‘कोल्ड’ला. एकच निवडायचा असेल तर आम्ही ‘कोल्ड’ निवडू, फीडलरच्या चेहऱ्यासाठी. पुढे काय पाहावं? पामर आवडला तर ‘फ्युनरल इन बर्लिन’. लीमस मनात राहिला तर सिडनी लुमेटचा १९६७चा ‘द डेडली अफेअर’, तोही ल कारेच्याच कादंबरीवरचा. त्यात कादंबरीतल्या हेराचं, जॉर्ज स्मायलीचं, नाव चार्ल्स डॉब्ज केलं आहे, कारण ‘स्मायली’ नावाचे हक्क ‘कोल्ड’ काढणाऱ्या पॅरामाउंटकडे होते.